लामावरून आलेली वही

गिरगावातली एखादी जुनी चाळ पुनर्विकासासाठी रिकामी होते तेव्हा दोन-तीन दिवसांत एका घराच्या तीन पिढ्यांचा निवाडा उरकावा लागतो. पितळेची घंगाळे मोडीत निघतात, देव्हारा टेम्पोत कुणाच्या तरी मांडीवर बसून नव्या घरी जातो, आणि सगळ्यांत शेवटी पोटमाळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली उतरते. अशा ट्रंकांतून वह्या निघतात. दुसरे महायुद्ध संपून ऐंशी वर्षे उलटली. त्या युद्धात पलटणीत, बोटीवर, लष्करी इस्पितळात किंवा पुरवठा खात्याच्या कारकुनीत गेलेली पिढी जवळजवळ सरली, आणि तिची मुले आता स्वतःच साठी-सत्तरी ओलांडून बसली आहेत. कोकणात आणि घाटावर ज्याला ‘लामावर जाणे’ म्हणत त्या जाण्याची हकीकत काही थोड्यांनी निवृत्तीनंतरच्या रिकाम्या दुपारी लिहून ठेवली. मुलांपैकी कुणी लिहिणारा निघाला की ही वही सर्वानुमते त्याच्या पदरात पडते: तुझा हा धंदाच आहे, तूच बघ याचे काय करायचे ते.

आता मुंबईतला मराठी लेखक म्हणजे बहुधा बारा घरचे पाणी प्यालेला माणूस. दैनिकात उपसंपादकी, आकाशवाणीला श्रुतिका, जाहिरात कंपनीत मराठी मजकूर, मग मालिकांचे संवाद, अधूनमधून अनुवाद, आणि या सगळ्यातून सवड मिळालीच तर स्वतःचे पुस्तक. ही काही आजची अवस्था नव्हे. दादरच्या प्रबोधनकार ठाकऱ्यांनी सार्वजनिक बांधकाम खात्यातली कारकुनी, नाटक, छापखाना, विमा आणि नियतकालिक अशी वळणे घेत घेतच लेखणी चालवली. पोटासाठी केलेला प्रत्येक धंदा हाताला एकेक सवय लावून जातो. बातमीदाराला पहिल्याच ओळीत मुद्दा हवा असतो, संवादलेखकाला प्रसंग हवा असतो, जाहिरातवाल्याला नायक हवा असतो. वडिलांची वही उघडताना या साऱ्या सवयी एकदम जाग्या होतात, आणि वडील ज्या कारणासाठी घराबाहेर पडले होते ते कारण सगळ्यांत आधी अंगाखाली चेंगरते. मराठीतल्या युद्धहकीकतींचा अडीचशे वर्षांचा प्रवास पाहिला तर हे पुनःपुन्हा घडत आलेले दिसते.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठी फौज बुडाली तेव्हा नाना फडणिसांना अजून एकोणीस पुरी व्हायची होती. पुढे आपल्या राजकारणाने अवघ्या हिंदुस्थानाला कोड्यात टाकणाऱ्या या माणसाने जे छोटेसे आत्मवृत्त लिहून ठेवले त्यात तो मुत्सद्दी कुठेच दिसत नाही. आई आणि बायको यांना घेऊन उत्तरेतली तीर्थे करावीत या हेतूने भाऊसाहेबांच्या फौजेबरोबर निघालेला, प्रकृतीने नाजूक, स्वतःच्या मनातल्या कामविकारांची कबुली देताना न कचरणारा एक पोरगा त्यात आहे. रणातून तो अंगावरची वस्त्रे टाकून पळतो, त्याची आई त्या धामधुमीत कायमची हरवते, बायको कशीबशी हाती लागते. त्याच लढाईची हकीकत बखरकार सांगतात तेव्हा त्यात वीरांची भाषणे असतात, शकुन असतात, दैवाचा फेरा असतो. शतकभर महाराष्ट्राने पानिपत आठवले ते बखरींच्या थाटात. पळणाऱ्या पोराचा कागद अभ्यासकांच्या टेबलावर राहिला. लढायला म्हणून गेलेल्यांपेक्षा दुसऱ्याच कामासाठी निघून लढाईत सापडलेल्यांनी अधिक खरे लिहिले आहे, आणि नेमके त्यांच्याच हकीकतींवर नंतरच्यांना संस्कार करावेसे वाटले आहेत.

याचा सर्वांत मोठा पुरावा पेण तालुक्यातल्या वरसईचा आहे. विष्णुभट गोडसे १८५७ साली तिशीत होते आणि डोक्यावर कर्ज होते. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा भरपूर मिळेल, ही वार्ता कानी आल्यावर ते काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. त्यांना ना स्वराज्य मिळवायचे होते ना इंग्रज घालवायचा होता; घराचे कर्ज फेडायचे होते. महूपर्यंत पोचतात न पोचतात तो शिपायांकडूनच पुढच्या उठावाची कुणकुण लागली, आणि मग ग्वाल्हेर, झाशी, काल्पी असा हा भिक्षुक बंडाच्या ऐन आगीतून फिरत राहिला. इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या सैन्याने १८५८ च्या एप्रिलात झाशी घेतली तेव्हा ते शहरातच होते. कत्तल त्यांनी पाहिली, लपून जीव वाचवला, वाटेत पुनःपुन्हा लुटले गेले. काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी त्यांना तहानलेली, धुळीने माखलेली लक्ष्मीबाई भेटते आणि भटजींनी पाणी काढून द्यायची तयारी दाखवली तरी स्वतःच्या हाताने पोहरा ओढते, हा प्रसंग आज सर्वांना ठाऊक आहे. शिपाई किंवा सरदार तिथे असता तर त्याने तिच्या तोंडी एखादे वीरवाक्य घातले असते. पाणी कुणाच्या हातचे, पोहरा कोण ओढतो, याकडे भिक्षुकाचे लक्ष उपजतच असते, म्हणून आपल्याला तो पोहरा मिळाला. अडीच वर्षांनी हे गृहस्थ वरसईला परतले तेव्हा दक्षिणेपैकी फारसे काही उरले नव्हते; आईवडिलांना स्नान घालण्यासाठी वाहून आणलेली गंगेची कावड तेवढी खांद्यावर होती.

पंचवीसेक वर्षांनी, १८८३ च्या सुमारास, त्यांनी हे सारे लिहून काढले ते चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून. वैद्यांचे घराणे कल्याणचे, आणि गोडसे भटजींचे त्या घराशी पौरोहित्याचे नाते. म्हणजे हा संबंध बाप-लेकाचा नसला तरी धाकट्याने वडीलधाऱ्याकडून हक्काने लिहवून घेण्याइतका जवळचा होता. वैद्यांची कारकीर्दही पाहण्यासारखी आहे. वकिली, ग्वाल्हेर संस्थानात सरन्यायाधीशपद, महाभारतावर इंग्रजीत चिकित्सा, पुढे मध्ययुगीन हिंदुस्थानचा तीन खंडी इतिहास आणि ‘दुर्दैवी रंगू’ ही पानिपताच्या काळावरची कादंबरी: एका आयुष्यात चार माणसांचे काम. आपल्या हयातीत हे छापू नये अशी भटजींची इच्छा होती, आणि ती भित्रेपणाची म्हणता येणार नाही, कारण ज्याने फासावर लटकणारी माणसे पाहिली त्याला सरकारचा हात किती लांब असतो हे कुणी सांगायला नको होते. त्यांच्या पश्चात १९०७ साली, बंडाला पन्नास वर्षे होत असताना, वैद्यांनी ‘माझा प्रवास’ प्रसिद्ध केला.

या संपादनात वैद्यांचे चारही धंदे हजर होते. न्यायाधीशाने साक्षीचा क्रम लावला, विद्वानाने भटजींची बोली झाडूनपुसून छापील मराठीत आणली, कादंबरीकाराने प्रसंगांना उठाव दिला आणि सावध नागरिकाने जे सरकारच्या डोळ्यांत खुपेल ते गाळले. त्यांच्यावर ठपका ठेवणे सोपे आहे, न्याय्य मात्र नाही. पुढच्याच वर्षी वैद्य पुण्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, आणि त्याच वर्षी, २२ जुलै १९०८ रोजी, मुंबईच्या हायकोर्टात लोकमान्यांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. दुसऱ्या दिवसापासून परळ-लालबागच्या गिरण्या सहा दिवस बंद पडल्या आणि रस्त्यांवर गोळ्या चालल्या. ज्या काळात अग्रलेख राजद्रोह ठरत होता त्या काळात बंडाची प्रत्यक्षदर्शी हकीकत छापणे हेच धाडस होते. वैद्यांचे उपकार आणखी एका गोष्टीसाठी मानायला हवेत: आपल्या आवृत्तीनंतर त्यांनी मूळ पोथी जाळली नाही, हरवलीही नाही, तर १९२२ साली पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या स्वाधीन केली. म्हणूनच १९६६ साली दत्तो वामन पोतदारांना ती मूळ स्वरूपात छापता आली, आणि संपादकाने कुठे हात फिरवला हे महाराष्ट्राला एकोणसाठ वर्षांनी कळले. आपल्याविरुद्धचा पुरावा स्वतःच दप्तरी दाखल करणारा न्यायाधीश विरळाच.

पहिल्या महायुद्धाने हा प्रश्न वेगळ्या रूपात उभा केला. १९१४ च्या ऑक्टोबरात सहावी पुणे डिव्हिजन मुंबई बंदरातून इराकच्या मोहिमेवर निघाली, त्यात रत्नागिरी-साताऱ्याचे मराठे होते, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी कुत-अल-अमारा येथे जी इंग्रजी फौज तुर्कांना शरण गेली तिच्यातही ते होते. गिरणगावात हे दुःख परके नव्हते, कारण एका भावाने गिरणीत बदली कामगार म्हणून उभे राहायचे आणि दुसऱ्याने पलटणीत भरती व्हायचे ही त्या जिल्ह्यांतल्या घरांची रीतच होऊन बसली होती. खाणावळीच्या पाटावर दोन्हीकडच्या मनिऑर्डरींची चर्चा एकाच वेळी होई. पण या लोकांनी लिहिले किती? बहुतेकांना लिहिता येत नव्हते. पत्र दुसऱ्याकडून लिहवून घ्यायचे, आणि फ्रान्सच्या आघाडीवरून जाणारी पत्रे सेन्सॉरने उघडून इंग्रजीत उतारे काढायचे. आज लंडनच्या दप्तरात आपल्याला मिळतात ते बहुतांशी हे उतारे, मूळ पत्रे नव्हेत. म्हणजे हिंदी शिपायाच्या युद्धस्मृतीचा पहिला संपादक सरकारी सेन्सॉर, आणि त्याने मूळ प्रत सांभाळायची तसदीही घेतली नाही. मराठीत त्या युद्धाबद्दल मोकळेपणाने लिहिले ते कॅप्टन गो. गं. लिमये यांच्यासारख्यांनी, आणि लिमये कोण, तर लष्करी डॉक्टर आणि विनोदी कथाकार. थट्टा करण्याची सवय असलेल्या माणसाला पराक्रमाचा आव आणता येत नाही, हा त्यांच्या ‘सैन्यातील आठवणीं’चा फायदा.

वही असणे हेही एका परीने भाग्यच आहे. परळच्या डबक चाळीत एका खोलीत संसार मांडलेल्या, २ फेब्रुवारी १९१३ रोजी वारलेल्या सुभेदार रामजी सकपाळांनी आपल्या नोकरीची हकीकत लिहून ठेवली असती तर ती केवढी मोलाची ठरली असती. महारांची लष्करभरती सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद केली तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांसारख्या निवृत्त शिपायांनी आणि पुढे शिवराम जानबा कांबळ्यांनी जे अर्ज केले त्यांत वाडवडिलांच्या लढायांचे, पदकांचे, पेन्शनींचे दाखले आहेत. ज्यांना आठवणी छापायला प्रकाशक मिळत नव्हता त्यांच्या युद्धस्मृती अशा अर्जांच्या कलमांत जाऊन बसल्या. १ जानेवारी १९२७ रोजी रामजींचे पुत्र बाबासाहेब कोरेगावच्या स्तंभापाशी गेले तेव्हा दगडावर कोरलेली नावे एवढीच त्या स्मृतीची वही होती. बापाच्या कागदांचे संपादन करायला आधी बापाच्या घरात कागद असावा लागतो.

दुसऱ्या महायुद्धात मुंबई स्वतःच आघाडीच्या मागे उभी होती. २ ऑक्टोबर १९३९ रोजी नव्वद हजारांच्या आसपास गिरणी कामगारांनी युद्धविरोधी संप केला. सोव्हिएत रशियावर जर्मनांचा हल्ला झाल्यानंतर त्याच गिरणगावच्या कम्युनिस्टांना तेच युद्ध लोकयुद्ध वाटू लागले आणि कामगार छावणीत राहणाऱ्या अण्णा भाऊ साठ्यांनी स्टालिनग्राडचा पोवाडा रचला. ९ ऑगस्ट १९४२ पासून तिसरीच लढाई पेटली आणि चौपाटीजवळच्या एका घरातून उषा मेहतांचे गुप्त रेडिओ केंद्र बोलू लागले. एकाच चाळीत एक भाऊ इटलीत सेनियो नदीकाठी, दुसरा येरवड्याला आणि तिसरा तीन पाळ्यांत लष्कराचे कापड विणणाऱ्या गिरणीत, असे चित्र त्या काळी अशक्य नव्हते. १४ एप्रिल १९४४ च्या दुपारी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ बोट फुटली, शेकडो माणसे गेली, आणि तरी युद्धकालीन सेन्सॉरमुळे सविस्तर बातमी लोकांना उशिरा मिळाली. शहराने आपला स्फोट आपल्या कानांनी ऐकला आणि वाचला मात्र फार नंतर. त्या पिढीच्या वह्यांत म्हणून एक चमत्कारिक गोष्ट आढळू शकते: ज्या सरकारच्या गणवेशात लेखक उभा आहे त्याच सरकारने त्याचा भाऊ कैदेत टाकलेला आहे, आणि दोन्हींबद्दल तो सारख्याच शांतपणे लिहितो. त्याला तेव्हा ते विसंगत वाटत नव्हते. आज त्याच्या मुलाला वाटते, आणि मुलगा ती विसंगती निस्तरायला बसतो.

फेब्रुवारी १९४६ मध्ये ‘तलवार’ या नौदल तळावर नौसैनिकांनी बंड केले, २२ तारखेला त्यांच्या पाठिंब्यासाठी शहर बंद झाले, परळ-लालबागच्या रस्त्यांवर लष्कराने गोळ्या घातल्या, परळला कमल दोंदे पडल्या, मुंबईत दोनशेच्या वर माणसे मेली. राष्ट्रीय पुढाऱ्यांच्या सल्ल्यावरून नौसैनिक दुसऱ्या दिवशी शरण गेले आणि स्वतंत्र देशाच्या नौदलानेही त्यांना परत घेतले नाही. त्यांच्यापैकी बलाईचंद दत्त मुंबईतच वृत्तपत्रात शिरले, आणि बंडावरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक निघायला १९७१ साल उजाडले. पंचवीस वर्षे! गोडसे भटजींनाही लिहायला तेवढीच लागली होती. याउलट, परळच्या शेठ गो. सुं. मेडिकल कॉलेजात शिकून चीनच्या युद्धात गेलेले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९४२ च्या डिसेंबरात वारले आणि चारच वर्षांत त्याच परळच्या राजकमल कलामंदिरातून शांतारामबापूंचा चित्रपट पडद्यावर आला, तो ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावरून. चित्रपट उत्तम होता. पण सोलापूरच्या घरातल्या कर्त्या मुलाला घरच्यांची काळजी किती वाटत होती हे कळायला पत्रांकडेच जावे लागते. पडद्यावर काळजीला जागा कमी आणि गाण्यांना जास्त.

घरच्यांच्या हाती संपादन आले की काय होते याचा दाखला युद्धाबाहेरही मिळतो. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’ची संक्षिप्त आवृत्ती मुलाने, देवदत्तांनी, केली, नातवाने, अशोकरावांनी, पुन्हा मूळ पाठाकडे जाऊन आजीचे शब्द जागच्या जागी बसवले. अत्र्यांनी ‘कऱ्हेचे पाणी’ पाच खंडांपर्यंत आणून सोडले, पुढचे खंड मुलीने, मीना देशपांड्यांनी, लिहिले, पण तिथे लेखणी कुणाची हे वाचकापासून लपवलेले नाही. ऑटो फ्रांक या बापाने तर मुलीची रोजनिशी १९४७ साली छापताना तिचे आईवरचे कडवट शेरे आणि वयात येतानाचे कुतूहल बाजूला काढले, आणि सगळे पाठ शेजारीशेजारी ठेवणारी चिकित्सक आवृत्ती निघेपर्यंत १९८६ उजाडले. १९०७ आणि १९६६, १९४७ आणि १९८६: एक पिढी प्रेमापोटी कापते आणि दुसरी पिढी त्या कात्रणांसाठी केराची टोपली धुंडाळते. दोन्ही ठिकाणी मूळ प्रत शिल्लक होती म्हणून धुंडाळणे शक्य झाले.

आजच्या मुलाच्या हाती यापूर्वी कुणापाशीच नव्हते असे साधन आहे. वैद्यांनी खोडलेला शब्द निदान कागदावर खोडलेला दिसला असता. संगणकावर बदललेल्या शब्दाची खूणही उरत नाही. वही टाइप करतानाच वडिलांचे जुने अनुस्वार १९६२ च्या नियमांप्रमाणे उडतात, ‘मेसपाट’चा मेसोपोटेमिया होतो, ‘आम्ही भिऊन खंदकात पडून राहिलो’ अशा वाक्याला ‘आम्ही दबा धरून बसलो’ असे वळण मिळते. शुद्धलेखनापासून सुरू झालेला हात शौर्यापर्यंत कधी पोचतो हे त्या हातालाही कळत नाही. पूर्वी भीती सरकारची होती. आता भीती आप्तांची आणि टाळ्यांच्या अपेक्षेची आहे. ‘नोकरी नव्हती म्हणून भरती झालो’ हे वाक्य आजच्या प्रस्तावनेत मोठ्या मुश्किलीने टिकते, कारण पुस्तकाच्या प्रकाशनाला गणवेशातले पाहुणे येणार असतात आणि पाठपृष्ठावर देशसेवा लिहायची असते. खरे तर वडिलांनी ते वाक्य न लाजता लिहिले होते. दक्षिणेसाठी निघालेला भटजी, तीर्थासाठी निघालेला फडणीस आणि पगारासाठी निघालेला शिपाई यांना एकमेकांची भाषा चटकन कळली असती.

वही ज्या ट्रंकेतून निघाली ती ट्रंक नव्या टॉवरमधल्या घरात जात नाही, आणि टाइप झाल्यावर वहीचीही गरज उरली नाही असे घरात कुणाला तरी वाटते. दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, पुण्याला मंडळ आहे. त्यांच्यापर्यंत पोचण्याआधीच बरेच कागद रद्दीच्या तराजूत चढतात. अशा वहीची शेवटची पाने उलटून पाहावीत. तिथे बहुधा आठवणी नसतात. उलट्या बाजूने सुरू केलेला हिशेब असतो: घरी पाठवलेली मनिऑर्डर, कँटीनचे देणे, उसने दिलेले आणि परत न आलेले दोन रुपये, धोब्याचे चार आणे. गोडसे भटजींनीही कुठे किती दक्षिणा पडली हे लिहून ठेवले होते. टाइप करायला दिलेल्या मजकुरात ही पाने सहसा नसतात.